रोज तीस मिली कमी पडतंय

प्रश्न : ताई, माझी मुलगी २९व्या आठवड्यात झाली. माझं बीपी फार वाढलं म्हणून घाईघाईत सिझर करावं लागलं, बीपीच्या गोळ्या अजून चालू आहेत. जन्मली तेव्हा ११०० ग्रॅमची होती, आज १६ दिवसांची आहे आणि वजन ११८० ग्रॅम आहे. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत आहे, नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी आहे. पोटात घातलेल्या नळीने दर दोन तासांनी १२ मिली दूध देतात. मला पाचव्या दिवशी घरी सोडलं. आमचं गाव लांब, म्हणून मी पुण्यातच मावशीकडे राहतेय. सकाळी सात ते रात्री दहाच्या मधे चार वेळा हाताने दाबायच्या पंपाने दूध काढते, दर वेळी जेमतेम तीस मिली येतं. मिस्टर सकाळ-संध्याकाळ नेऊन देतात. सिस्टर म्हणाल्या, रोज तीसेक मिली कमी पडतंय, असंच राहिलं तर पावडर सुरू करावी लागेल. सासूबाई म्हणतात, सातव्या महिन्यात मोकळी झालेल्या बाईला दूध येतच नाही, उगाच जिवाला त्रास करून घेऊ नकोस. आई म्हणते, रात्री नीट झोप, अंगात ताकद येऊ दे. डिंकाचे लाडू, शतावरी सगळं सुरू आहे, पाणी मात्र मोजूनच देतात. मैत्रिणीने दूध वाढायची एक गोळी सांगितलीय, मेडिकलमधून आणू का? पंप लावला की दुखतं. दूधही पाण्यासारखं पातळ दिसतं. शेजारच्या पेटीतल्या बाळाच्या आईच्या बाटल्या गच्च भरलेल्या असतात. मुलीला मी अजून एकदाही जवळ घेतलेलं नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमच्या पत्रातले आकडे मी आधी कागदावर मांडले. दर दोन तासांनी १२ मिली म्हणजे दिवसाला १४४ मिली. चार वेळा काढून तुम्ही ११५ मिलीच्या आसपास पोचवता. म्हणजे तुमची मुलगी आज जे दूध घेतेय त्यातले पाचातले चार भाग तुमचे आहेत. तेही दिवसातून फक्त चार वेळा काढून, साध्या पंपावर आणि अख्खी रात्र मधे सोडून. इतक्या कमी वेळा मागून जे शरीर एवढं देतंय, त्याला दूध येत नाही असं मी म्हणणार नाही. तुमच्या सासूबाईंनी म्हटलेलंही मला मान्य नाही.

त्यांचा समज का चुकीचा आहे, ते त्यांनाही वाचून दाखवा. स्तनांमध्ये दूध तयार करायची तयारी गरोदरपणाच्या मध्यावरच होऊन गेलेली असते. ते दूध खाली उतरत नाही, कारण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक ते थोपवून धरतं. वार बाहेर पडली की ते संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि दोन-तीन दिवसांत दूध यायला लागतं. वार सातव्या महिन्यात पडली काय आणि नवव्यात काय, शरीर हेच करतं. सिझर, वाढलेलं बीपी, मधुमेह, फार लवकर झालेली प्रसूती या सगळ्यांत पान्हा फुटायला थोडा उशीर होतो, हे खरं आहे. म्हणून पहिल्या आठवड्यात तुम्हाला थेंब-थेंबच मिळाले असतील. पण उशीर झाला म्हणजे दूध नाही असा निष्कर्ष काढून बाळंतिणीचा पंप कपाटात ठेवला जातो, आणि मग ते खरंच आटतं.

आता थोडं कडू बोलते. आज १४४ मिलीने भागतंय, कारण मुलगी ११८० ग्रॅमची आहे. अशा बाळांना पुढे दर किलोमागे दिवसाला साधारण १५० ते १८० मिली दूध लागतं. ती दोन किलोची होईल तेव्हा ३०० ते ३६० मिली लागेल, तीन किलोची होईल तेव्हा ४५० आणि त्याहून जास्त. म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांना आम्ही सांगतो, की पहिल्या दोन आठवड्यांच्या शेवटी दिवसाला ५०० मिलीच्या आसपास पोचायचा प्रयत्न करा. बाळाला तेवढं लागत नसलं तरीही. पहिल्या काही आठवड्यांत शरीर जेवढी मागणी पाहतं तेवढंच दूध करायची सवय लावून घेतं, आणि एकदा ते कमीवर स्थिरावलं की वाढवणं अवघड होत जातं. तुम्ही मागे आहात. पण तुमचे सोळाच दिवस झालेत, तो काळ अजून हातातून गेलेला नाही. हे पत्र तुम्ही दीड महिन्याने लिहिलं असतं तर मी इतक्या उमेदीने उत्तर लिहू शकले नसते.

दूध वाढतं ते काढल्याने. स्तन भरलेले राहिले की त्या दुधातूनच पेशींना ‘आता थांबा’ असा निरोप जातो. रिकामे झाले की ‘अजून करा’ असा. तुमच्या घरात सगळे तुमच्या मायेपोटी नेमकं उलट करताहेत. रात्री दहाला शेवटचं काढायचं, सकाळी सातला पुन्हा, म्हणजे नऊ तास तुमचं शरीर ऐकतंय की आता कुणालाच दूध नकोय. त्यातच प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करवणारं संप्रेरक, रात्री आणि पहाटे जास्त असतं. तीच वेळ तुम्ही सोडून देताय. तेव्हा माझं पहिलं आणि सगळ्यांत महत्त्वाचं सांगणं : चोवीस तासांत किमान आठ वेळा, जमलं तर दहा वेळा दूध काढा, आणि त्यातलं एकदा तरी मध्यरात्रीनंतर. पाच तासांहून मोठा खंड पडू देऊ नका.

घड्याळ असं लावता येईल : सकाळी सहा, नऊ, साडेअकरा, दुपारी दोन, संध्याकाळी पाच, रात्री आठ, अकरा आणि मग पहाटे तीन. वेळा अगदी तंतोतंत सारख्या अंतराच्या नसल्या तरी चालतात. एखादी वेळ हुकली तर पुढच्या दोन वेळा जवळ आणा, दिवसाचा हिशोब आठच्या खाली जाऊ देऊ नका. एका वहीत तारीख, वेळ आणि किती मिली ते लिहा. आणि कृपा करून पहिले चार दिवस फक्त ‘किती वेळा’ हाच रकाना बघा. मिलीचा आकडा लगेच हलत नाही. जास्त वेळा काढायला लागल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत दर वेळचं दूध उलट कमी दिसतं, आणि आया घाबरून सोडून देतात. दिवसाची एकूण बेरीज वाढायला चार दिवस ते आठवडा लागतो.

तुमच्या आईंचं ‘झोप’ हे सांगणंही मला मोडायचं नाही. टाके ओले आहेत, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, जीव टांगणीला लागलेला आहे. तुम्हाला झोप हवीच. मात्र ती मिळवायची असेल तर दूध काढणं सोडून बाकी सगळं इतरांनी उचलायला हवं. पहाटे तीनला अलार्म मिस्टरांच्या फोनवर लागावा. त्यांनी पंप आणून द्यावा, तुम्ही बसून वीस मिनिटं काढावं, त्यांनीच दूध झाकून, नाव-वेळ लिहून फ्रीजमध्ये ठेवावं आणि पंप धुवावा. तुम्ही तोवर पुन्हा अंथरुणात. दिवसा मावशींनी किंवा आईंनी भांडी उकळावीत. ज्या घरांत ही वाटणी होते तिथे आईचं दूध टिकतं, असं मी पाहत आलेय. ‘ती जमेल तसं करतेय’ म्हणून जिथे सगळे लांबून काळजी करतात, तिथे टिकत नाही.

आता पंपाकडे वळू. हाताने दाबायचा पंप वाईट नाही. बाळ अंगावर पीत असेल आणि मधूनअधून काढायचं असेल तर तो पुरतो. पण बाळ अजिबात पीत नसताना आठ वेळा त्याने काढणं म्हणजे मनगट मोडून घेणं आहे. तुम्हाला हवा आहे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चालणारा विजेचा पंप, शक्य तर हॉस्पिटलमध्ये असतो तसा दणकट. एनआयसीयूत सरळ विचारा, आयांसाठी पंप आहे का, तिथे बसायला जागा आहे का. बऱ्याच ठिकाणी असतो आणि कुणी विचारत नाही म्हणून पडून राहतो. पुण्यासारख्या शहरात असे पंप भाड्यानेही मिळतात. विकत घेण्याआधी ती चौकशी करा. दोन्ही बाजू एकदम काढल्या की वेळ निम्मा लागतो आणि दूधही जास्त निघतं.

दुखतंय याचं कारण बहुतेक वेळा पंपाच्या नरसाळ्यासारख्या कपाचं माप असतं. निपल त्या नळीत मधोमध बसून मोकळं पुढेमागे व्हायला हवं. ते कडांना घासत असेल, पांढरं किंवा जांभळं पडत असेल, तर कप लहान होतोय. भोवतालचा काळा भागही भसकन आत ओढला जात असेल, तर मोठा होतोय. डब्यात आलेलं माप सगळ्यांना बसत नाही, वेगळ्या मापाचे कप मिळतात. आणि ओढ जास्त ठेवली की दूध जास्त येतं, असं अजिबात नाही. दुखण्याच्या जरा खालचा जोर बरोबर. वेदना झाली की पान्हा उलट अडतो.

पंपाइतकीच माझी श्रद्धा तुमच्या स्वतःच्या हातांवर आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉ. जेन मॉर्टन यांनी २००९मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांवरच एक अभ्यास प्रसिद्ध केला. पंपाबरोबर हातांचा वापर करायला शिकवल्यावर त्या आयांचं रोजचं दूध जवळजवळ निम्म्याने वाढलं, पंपिंगच्या वेळा न वाढवता. म्हणून हे नीट वाचा आणि उद्या सकाळी करून बघा.

हात साबणाने धुवा. छातीवर कोमट पाण्यात पिळलेला पंचा दोन-तीन मिनिटं ठेवा. बोटांच्या पोटांनी गोल-गोल, हलक्या हाताने काखेकडून निपलकडे चोळा. मग पंप लावा. चालू असताना एका हाताने स्तन हळूहळू दाबत राहा. जिथे टणक लागतं, विशेषतः काखेच्या बाजूला आणि खालच्या अंगाला, तिथे थांबून दाबा. धार थांबली की पंप काढू नका, आणखी दोन मिनिटं चालू द्या. बऱ्याचदा दुसरा पान्हा येतो. एकूण पंधरा ते वीस मिनिटं.

त्यानंतर शेवटचं हाताने काढायचं. अंगठा वर, पहिली दोन बोटं खाली, निपलपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी बरगड्यांकडे मागे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, सोडायचं. पुन्हा. बोटं कातडीवरून घसरू द्यायची नाहीत आणि गाईची धार काढताना सड ओढतात तसं निपल तर मुळीच ओढायचं नाही. बोटांची जागा घड्याळाच्या काट्यांसारखी फिरवत सगळीकडून काढा. या शेवटच्या पाच मिनिटांत मिळणारं दूध थोडंच असतं, पण त्यात स्निग्धांश सगळ्यांत जास्त असतो. वजन वाढायला झटणाऱ्या बाळासाठी ते सोन्यासारखं आहे. निघणारं दूध सरळ स्टीलच्या वाटीत घेता येतं, वाटी मात्र आधी उकळून गार केलेली हवी.

तुम्हाला ते पातळ वाटतं, त्याचंही उत्तर यातच आहे. सुरुवातीला येणारं दूध निळसर, पाण्यासारखं दिसतं, नंतरचं दाट. बाटली थोडा वेळ ठेवलीत की वर साय धरते. शिवाय लवकर मोकळी झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीच्या आठवड्यांत प्रथिनं नऊ महिने भरलेल्या आईच्या दुधापेक्षा जास्त असतात. पुढेमागे डॉक्टर त्यात ‘फोर्टिफायर’ मिसळतील. त्याने मन खट्टू करून घेऊ नका. पोटात शेवटच्या तीन महिन्यांत मिळायचं कॅल्शियम, फॉस्फरस आणि प्रथिनं एवढ्याशा जिवाला एवढ्याशा दुधातून पुरवायची असतात, म्हणून ते घालतात. तुमच्या दुधात खोट आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी दोनदा वाचलं : ‘मुलीला मी अजून एकदाही जवळ घेतलेलं नाही.’ उद्या एनआयसीयूत गेल्यावर दुधाविषयी बोलण्याआधी याविषयी बोला. डॉक्टरांना थेट विचारा, ‘कांगारू केअर कधी सुरू करता येईल?’ ही पद्धत १९७८-७९च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तिथे काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मधे, उभं धरून बांधायचं. आता ती गरिबाघरचा पर्याय राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटना २०२२पासून सांगते, की कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना कांगारू केअर जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावी आणि ती दिवसाला आठ ते चोवीस तास मिळावी. त्याने बाळांचे मृत्यू कमी होतात, जंतुसंसर्ग कमी होतो, अंग गार पडत नाही. ऑक्सिजनची बारीक नळी असताना, आणि बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त आधार चालू असतानाही, बाळाला असं घेता येतं. तुमच्या मुलीची प्रकृती कशी आहे ते मी इथून सांगू शकत नाही, ते तिचे डॉक्टरच ठरवतील. विचारणं मात्र तुमचा हक्क आहे. ‘आज नाही’ असं उत्तर मिळालं तर ‘मग काय झाल्यावर?’ हेही विचारा.

दुधासाठी याहून मोठं औषध माझ्याकडे नाही. बाळाच्या अंगाच्या स्पर्शाने आणि वासाने ऑक्सिटोसिन स्रवतं, आणि दूध बाहेर ढकलण्याचं काम तेच करतं. एकदा जवळ घेणं सुरू झालं की बाळ पेटीत परत ठेवल्यावर लगेच, तिथेच बसून पंप करा. वहीतला फरक तुम्हालाच दिसेल. तोपर्यंत तिच्या अंगाखालचं एखादं फडकं मागून घ्या, घरी पंप करताना जवळ ठेवा, फोनवर तिचा व्हिडिओ लावा. काळजीने पान्हा अडतो, हेही याच वाटेने समजून घ्या. दूध तयार झालेलं असतं, पण बाहेर यायला वेळ लागतो. अशा वेळी पाठीला, मानेखाली मावशींनी दोन मिनिटं चोळून दिलं, पाय पोटाशी घेऊन निवांत टेकून बसलात, तरी फरक पडतो. आणि बाटलीवर एक मोजा किंवा रुमाल गुंडाळा, म्हणजे काढताना आकडा दिसणार नाही.

दिवस मोजले तर ती आता साधारण ३१ आठवड्यांची झालीय. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसायला लागतो, तेव्हा खरं पाजणं तोवर थांबेल. पण डॉक्टरांनी परवानगी दिली की आधी पंपाने रिकामा केलेला स्तन तिच्या तोंडाशी धरता येतो. ती नुसती चाटेल, एखादा घोट चोखेल, झोपून जाईल. तेवढं पुरे असतं. पुढे अंगावर घ्यायची ओळख तिथूनच होते. मधल्या काळात वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यायला लागले तर सिस्टरांकडून स्वतः शिकून घ्या.

पावडरबद्दल. आतडी कच्ची असलेल्या बाळांना एक भयंकर आजार होऊ शकतो, त्याचं नाव नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस. आईच्या दुधावरच्या बाळांना तो कमी होतो. म्हणून क्रम असा असतो : आधी आईचं दूध, ते कमी पडलं तर दूधपेढीतलं दुसऱ्या आईचं दूध, आणि तेही नसेल तर पावडर. तुमच्या सिस्टरांनी मधली पायरी सांगितलेली दिसत नाही, तेव्हा तुम्हीच विचारा, ‘तीस मिलीसाठी दूधपेढीतलं दूध मिळेल का?’ आशियातली पहिली दूधपेढी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ला डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आणि आज पुण्यातही दूधपेढ्या आहेत. तिथे दान करणाऱ्या आयांची रक्तचाचणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात. त्यात काही संरक्षक द्रव्यं कमी होतात, म्हणून ते तुमच्या ताज्या दुधाच्या बरोबरीचं नाही, पण या वयात पावडरपेक्षा खूप सुरक्षित आहे. ओळखीपाळखीतून किंवा ऑनलाइन कुणाचं न तपासलेलं दूध मात्र घेऊ नका. आणि हे सगळं करूनही पावडर द्यावी लागलीच, तर डॉक्टर ती विचार करूनच देतील. तुमचं दूध त्या दिवशीही तितकंच मोलाचं राहील. पाचातले चार भाग कधीच वाया जात नाहीत.

दूध पोचवण्यातलं थोडक्यात सांगते. काढल्यावर लगेच झाकून फ्रीजच्या आतल्या बाजूला, दाराच्या कप्प्यात नाही. बाहेर ठेवायचं झालं तर चार तासांच्या आत, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. नेताना बर्फाच्या पॅकसह गार राहणाऱ्या पिशवीत. तिला एकेका वेळी १२ मिली लागतं, तेव्हा लहान-लहान बाटल्यांत भरा, नाव, तारीख, वेळ लिहा. पंपाचे दूध लागणारे भाग दर वेळी साबणाच्या गरम पाण्याने धुवायचे, त्यासाठी वेगळं पातेलं ठेवायचं, सिंकमध्ये टाकायचे नाहीत, आणि दिवसातून निदान एकदा उकळायचे. फ्रीजमध्ये किती तास चालतं याचा तुमच्या एनआयसीयूचा जो नियम असेल तोच पाळा. मिस्टर दोनदा जातात, त्यातल्या एका फेरीला तुम्हीही जाऊन तिथेच ताजं काढलंत तर सगळ्यांत उत्तम.

खाण्याविषयी मी घरच्यांशी भांडणार नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, बाजरीची भाकरी, खसखस यातून बाळंतिणीला उष्मांक, लोह, कॅल्शियम मिळतं आणि मायेने कुणी करून घालतंय हेही अंगी लागतं. दूध त्यांनी थेट वाढतं याचा भक्कम पुरावा मात्र नाही, शतावरीचाही नाही. आठ वेळा काढण्याच्या जोडीला खा, त्याऐवजी नको. बीपी वाढलेलं असताना शतावरी कल्प किंवा दुसरा कुठला काढा चालू असेल तर तुमच्या डॉक्टरांना नावानिशी सांगा. लाडूंबरोबर डाळ, उसळ, अंडी, दूध-दही, भाजी पोटात जातंय ना, तेही बघा. पाणी मोजून देणं बंद करायला हवं. तहान लागेल तेवढं प्या, दर वेळी पंपाला बसताना शेजारी तांब्या ठेवा. डॉक्टरांनी बीपीसाठी पाण्यावर मर्यादा घातली असेल तरच ती पाळा. उलट तांबेच्या तांबे पाणी रिचवून दूध वाढतं, हेही खरं नाही.

मैत्रिणीने सांगितलेली गोळी बहुधा डॉम्पेरिडोन असावी. काही आयांना डॉक्टर ती देतात, काहींना उपयोगही होतो. पण तिच्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, इतर औषधांशी तिचं पटत नाही, आणि तुम्ही आधीच बीपीच्या औषधांवर आहात. मेडिकलमधून परस्पर आणू नका. आठवडाभर वेळा वाढवून, हात वापरून बघा, मग वही घेऊन डॉक्टरांकडे जा. तुमच्या बीपीच्या गोळ्यांची नावं बाळाच्या डॉक्टरांनाही कळवा. बहुतेक गोळ्या चालतात, पण इतक्या लहान बाळाच्या बाबतीत त्यांना माहीत असलेलं बरं. स्वतःहून गोळी बंद करायची नाही आणि तिच्या भीतीने दूधही थांबवायचं नाही. सर्दीसाठी नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या दूध कमी करतात, त्या कुणी देत असेल तर ‘मी दूध काढतेय’ हे आधी सांगा.

आठ-दहा दिवस मनापासून आठ वेळा काढूनही आकडा जागचा हललाच नाही, तर दोष तुमच्या कष्टांचा नसेल. थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून घ्या. प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव फार झाला होता का, वारेचा तुकडा आत राहिलाय का, हे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. अंगावरून अजून लालभडक जात असेल तर त्यासाठी आठ दिवस थांबूच नका. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, पोटात वरच्या बाजूला दुखणं असं काही झालं तरी तेच. बीपी प्रसूतीनंतरही दगा देऊ शकतं. छातीत लाल, गरम, दुखरी जागा आणि ताप आला तर डॉक्टरांना दाखवा, पण दूध काढणं चालू ठेवा.

शेजारच्या पेटीतल्या बाळाच्या आईच्या बाटल्यांकडे बघणं मी तुम्हाला बंद करायला सांगितलं तरी तुम्ही बघणारच. म्हणून एवढंच सांगते, की तिच्याशी बोला. ती रात्री कितीदा उठते, कुठला पंप वापरते, हे विचारा. एनआयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायांकडून मिळणारा धीर मी लिहून देऊ शकत नाही.

‘माझं काय चुकतंय’ असं तुम्ही विचारलंय. तुमचं काही चुकलेलं नाही. पाचव्या दिवशी घरी जाताना कुणीतरी तुम्हाला ‘आठ वेळा, रात्रीसुद्धा’ हे शब्द सांगायला हवे होते आणि तुमच्या छातीवर बाळ द्यायला हवं होतं. ते राहून गेलं. रडू येणं, चिडचिड होणं या दिवसांत साहजिक आहे. मात्र दोन आठवड्यांहून जास्त मन काळवंडलेलं राहिलं, झोपायची संधी असूनही झोप लागेना, मुलीकडे जावंसंच वाटेना किंवा जगणं नको वाटलं, तर मिस्टरांना आणि डॉक्टरांना लगेच सांगा. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, दिवसा-रात्री केव्हाही. त्या काळात पंपाच्या वेळा चुकल्या तर चुकू द्या.

उद्या हॉस्पिटलमध्ये तीन प्रश्न घेऊन जा : जवळ कधी घेता येईल, पंप इथे वापरता येईल का, दूधपेढीतलं दूध मिळेल का. आज रात्री अकराचं आणि पहाटे तीनचं काढायला सुरुवात करा. दहा दिवसांनी वहीच्या पानांचा फोटो मला पाठवा. बेरीज करू नका, ती मी करीन, आणि पुढे एखादी वेळ वाढवायची की तासाभराचं थांबून-थांबून पंपिंग करून बघायचं, ते त्यावरून सांगेन.